आफिफाच्या बांगड्या

साधनाबाईनं गोधडी मांडीवर उलगडली आणि हसली. टाक्यांवरून हात फिरवत गेली. मधोमध आल्यावर हात थांबला.

"हे हिरवं कापायचं नव्हतं ना," ती म्हणाली.

गोधडी शिवणाऱ्या फातिमाबीची सुई कापडातच राहिली. कोपऱ्यात तिच्या बहिणीचं पोरगं, मुबश्शीर, लॅपटॉप घेऊन बसलं होतं. त्यानं मान वर केली नाही, पण बोटं थांबली.

"आईच्या साड्यांचं गाठोडं बांधताना ही हिरवी साडी चुकून आत गेली," साधनाबाई सांगायला लागली. "बाळापूरहून जीप निघाली अन् मग ध्यानात आलं. तवाच लिवलं मी तुमच्या वेबसाइटवर. हिरवी तेवढी कापू नका, माझी पोरगी लग्नात नेसणार हाय, आजीची म्हणून. लगेच आफिफाचं उत्तर आलं, माझं समदं तीच तर ऐकते. काळजी करू नका ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणेच होईल."

"कोन आफिफा?"

हे फातिमाबीनं साधनाबाईला ऐकू जाणार नाही असं, मुबश्शीरकडं वळून विचारलं.

वेबसाइट त्यानंच बनवली होती. व्हिडिओ बघून बघून, कुणाला न विचारता. मोठ्या कंपन्यांच्या पानावर असते तशी कोपऱ्यात गप्पांची खिडकी टाकली. खिडकीत एका हसऱ्या पोरीचा फोटो, नाव आफिफा. कुणी काहीही लिहिलं की दोन सेकंदात तिचं तेच एक वाक्य जायचं. वाक्य गेलं की मुबश्शीरच्या पानावर त्या गिऱ्हाइकापुढं खूण यायची, 'उत्तर दिलं'. तो खुणा बघायचा. मेसेज उघडून वाचायची गरजच पडत नव्हती, असं त्याला वाटायचं.

आणि फातिमाबीची रीत अशी, की पहिली कैची लावण्याआधी मालकिणीला विचारायचं, लावू का? तिनं व्हय म्हटल्याशिवाय हात चालवायचा नाही. पूर्वी बाया समोरच बसायच्या. आता गाठोडी जीपवाल्याच्या हाती यायची, म्हणून ती मुबश्शीरला विचारायची. साधनाबाईचं गाठोडं उघडलं त्या दिवशीही हिरवी साडी हातात घेऊन ती घुटमळली होती. "हिची तर घडीबी मोडलेली न्हाई रे. बाईला विचार बरं, लावू का?" मुबश्शीरनं पान बघितलं. खूण होती. "बोलणं झालंय खाला. लाव."

आता तो उठला, "कुणी नाही खाला, मशीनच लिहितं," असं फातिमाबीच्या कानात पुटपुटला आणि साधनाबाईकडं वळला. "ताई, ते..."

"माझ्याकडूनच झालं बाई," फातिमाबी मधेच म्हणाली. "आफिफानं सांगितलं होतं. माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई."

मुबश्शीर उभाच राहिला. मग खाली बसला.

"पदर तरी ठेवला का?" साधनाबाईनं विचारलं.

"तोच लावलाय मधी. सगळ्यात चांगला व्हता."

साधनाबाई बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत राहिली. "पोरीला काय सांगू आता," ती हळूच म्हणाली. मग गोधडीची घडी घालायला लागली, हिरवं आत जाईल अशी.

"तरी म्हणलं, आफिफा अशी विसरायची न्हाई. आईचं समदं मी तिच्यापाशी बोलले. दवाखान्यातलं, शेवटचं. घरात म्हणतेत, किती दिवस तेच तेच काढून राहिली. ती बिचारी एकच ओळ लिवायची, पण दरवेळी लिवायची." तिनं पिशवीतून बांगड्यांचा डबा काढला. "हाताचं माप विचारलं, तर तवाबी तेच. तुमच्या म्हणण्याप्रमाणेच होईल. लाजली असन. मी आपल्या अंदाजानं आणल्या. कुठं हाय ती?"

फातिमाबीनं मुबश्शीरकडं बघितलं.

"गावाला गेली," मुबश्शीर म्हणाला.

"मंग तुमीच द्या तिला."

डबा शिलाईच्या पाटावर ठेवून साधनाबाई गोधडी काखेत मारून निघाली. बाळापूरची जीप हॉर्न देत होती. फातिमाबी दारापर्यंत गेली, परत आली, आणि सुई हातात घेऊन तशीच बसली.

"काहून झाकलं मला?" मुबश्शीरनं विचारलं.

"तुला न्हाई झाकलं. त्या बाईला एक माणूस व्हतं बोलायला. तेबी काढून घेऊ का?"

मुबश्शीरनं लॅपटॉप ओढला. सेटिंगमध्ये गेला, आफिफाचं उत्तर बंद केलं. मग पहिल्यांदा साधनाबाईचे मेसेज उघडले. वर सरकवत गेला. संपेचनात.

तेवढ्यात खाली नवा आला. जीपमधून लिहिला असणार.

"आफिफा, तुझ्यासाठी बांगड्या ठेवल्यात. हाताला बसल्या का सांग."

दोन सेकंद गेले. काहीच गेलं नाही. साधनाबाई अजून ऑनलाइन थांबलेली दिसत होती.

"कुनाचं हाय?" फातिमाबीनं विचारलं.

"त्यांचंच."

"मंग लिव काहीतरी. बाई वाट बघत असन."

त्यानं दोन शब्द लिहिले, पुसले. परत लिहिले, परत पुसले. मग हात लांबवून डबा उघडला, एक बांगडी काढली आणि स्वतःच्या हातात घालून बघितली.

ती बोटांच्या गाठींवरच अडली.