अकरा होकार

"शनिवारी सकाळी नऊला, मिसेस पिकेन्स. चर्चसमोरून गाडी निघेल. याल ना?"

"हो, बाईसाहेब."

"मला बाईसाहेब नका ना म्हणू. मी एकोणीस वर्षांची आहे."

"बरं, बाईसाहेब."

ओझेला पिकेन्स ओसरीवर बसून शेंगा सोलत होती. समोर पायरीवर लोइस उभी. ओहायोच्या कॉलेजातली ही गोरी पोर एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात मिसिसिपीत आली होती ती काळ्या माणसांची नावं मतदार यादीत चढवायला. तीन आठवड्यांत तिच्या वहीत अकरा होकार जमले होते. नावं जिथे नोंदवायची त्या कोर्टापर्यंत मात्र एकही माणूस पोचला नव्हता. दोन शनिवार गाडी रिकामी गेली आणि रिकामी आली.

तिच्याबरोबरचा व्हर्नेल याच गावचा, काळा, तोही कॉलेजात शिकणारा. तो कुंपणाला टेकून रस्त्याकडे बघत होता. एक हिरवा ट्रक मघाशी सावकाश पुढे गेला होता, तोच आता परत येत होता. नंबराची पाटी काढून ठेवलेली, आत दोन गोरे.

"आटप, लोइस," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा आला की थांबेल तो."

"एकच मिनिट." लोइसने वही या हातातून त्या हातात घेतली. "मिसेस पिकेन्स, मागच्या शनिवारीही तुम्ही येते म्हणाला होतात."

"हो, बाईसाहेब."

"त्याच्या आधीच्याही."

"हो, बाईसाहेब."

व्हर्नेलला त्याही स्थितीत हसू आलं. "अगं, तुला कोण नाही म्हणणार? रंग बघ जरा स्वतःचा. सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणालीस, तरी अख्खी आळी माना डोलवेल."

खरंच होतं ते. या आळीत गोऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती. हो म्हणायचं, दार लावायचं आणि तो जाईपर्यंत आत गप्प बसायचं. लोइसला हे येताना कुणी शिकवलं नव्हतं. ती आपली दारोदार जाऊन होकार लिहून घेत राहिली.

ती मटकन पायरीवरच बसली.

"मग नाही म्हणा," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "यायचं नसेल तर मला तोंडावर नाही म्हणा. मी जाते. परत त्रास देणार नाही."

ओझेलाचे हात थांबले. तिने रस्त्याकडे पाहिलं, व्हर्नेलकडे पाहिलं, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या पोरीच्या थेट डोळ्यांत पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

म्हणाली ती पुटपुटतच. क्षणभर थांबली. काही कोसळलं नाही.

"नाही! नाही यायची मी. नावं चढवतो तो थॅक्स्टन साहेब, त्याच्याच घरी चौदा वर्षं स्वयंपाक करतेय. सकाळी त्याला अंडी वाढू आणि तासाभराने त्याच्याच टेबलापुढे अर्ज घेऊन उभी राहू? पाण्यात राहून माशाशी वैर? तुझं काय जातंय, पोरी! ऑगस्ट सरला की तू आईच्या घरी. माझ्या पगारावर दोन नातवंडं जेवतात. त्यांच्या तोंडात काय घालू, तुझी वही?"

"मावशी, हळू," व्हर्नेल कुजबुजला. ट्रक परत आला होता. या खेपेला तो कोपऱ्यावर थांबला, इंजिन चालूच.

"तू गप रे! हिने विचारलंय, मी सांगतेय."

लोइसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिला लाज वाटली. तीन आठवडे आपण लोकांकडे नेमकं काय मागत होतो, हे तिला आज कळत होतं. तिने वही उघडली, पिकेन्स हे नाव शोधलं आणि खोडायला पेन टेकवलं.

ओझेलाने तिचं मनगट धरलं. दोघीही दचकल्या. पण म्हातारीने हात काढून घेतला नाही.

"खोडू नकोस. राहू दे."

"पण तुम्ही तर आत्ताच..."

"साहेब रोज सकाळी खाता खाता विचारतो, 'ओझेला, तू सुखात आहेस ना आमच्याकडे?' चौदा वर्षं मी हो म्हणतेय." तिने कोपऱ्यावरच्या ट्रककडे एकदा बघून घेतलं. "उद्या विचारू दे त्याला."