खिडकीजवळची खाट

खिडकीजवळची खाट आईने सिस्टरशी हुज्जत घालून मिळवली होती, लेकीच्या अंगावर जरा ऊन पडावं म्हणून. आता त्या उन्हात लेक डोळे मिटून पडली होती. हाताला सलाईन, ओठ कोरडे. शेजारी स्टुलावर बसून आई दूध निववत होती. दोघीही पार थकल्या होत्या.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या आणि त्यांनी आधी तो दुधाचा पेलाच बाजूला ठेवला.

"फुप्फुसांत बारीक गाठी आहेत. कॅन्सर नाही, टीबीही नाही. औषधाने आटोक्यात येतील. पण या गाठी व्हिटॅमिन डी तयार करत सुटल्यात, त्यामुळे रक्तात कॅल्शियम भरमसाट वाढलंय. ही गळून जाते, सारखं पाणी मागते, बोलता बोलता विसरते, ते त्यानेच. किडन्यांवरही ताण आलाय. घरी काय काय देत होतात?"

"दूध, दोन्ही वेळा. कॅल्शियमच्या गोळ्या." आईचा आवाज खाली गेला. "आणि रोज गच्चीवर बसवायचे. ऊन सरकेल तशी हिची खुर्ची सरकवायचे. ताकद यावी म्हणून हो."

"आता सगळं बंद. ऊनसुद्धा. संध्याकाळी आतली खाट रिकामी होईल, तिकडे हलवू हिला." मग आईकडे बघत म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, काकू. कुणीही हेच केलं असतं."

"कुणी दुसरं नव्हतं ना पण. मीच होते."

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. आईला रडूही येईना, तेवढं त्राणच उरलं नव्हतं. लेकीकडे बघायची मात्र तिला लाज वाटत होती.

"चला, दुधातून सुटले एकदाची," लेक डोळे न उघडताच म्हणाली.

"नको नको म्हणत होतीस बाई. मी मेली ऐकेन तर ना."

खिडकीला पडद्याचा नुसता दांडा होता. आईने त्यावर चादर टाकून पाहिली, ती दोनदा घसरून खाली आली. मग तिने स्टूल उचललं, खाट आणि खिडकीच्या मधे ठेवलं आणि उन्हाकडे पाठ करून बसली. लेकीच्या तोंडावर सावली आली.

"आई, पाठ भाजेल तुझी. सरक तिकडे."

"राहू दे. माझ्या हाडांना चालतं."

लेकीचा डोळा लागला. ऊन सरकेल तसं आई स्टूल सरकवत राहिली.