गळ्यावरची बोटं

"भाऊ, बोटं कुठं गेली?"

सत्यशीलानं पत्रकावर अर्धं पान भरून छापलेला लेकीचा, करुणाचा चेहरा पाहिलाच नाही. तिनं आधी गळा पाहिला. त्यासाठीच तर ती पिशोरहून मुकुंदवाडीच्या या छापखान्यात आली होती.

छापखानेवाला पुंजाराम उगाच चष्मा पुसत बसला. करुणाला विहिरीतून काढलं तेव्हा तिच्या गळ्यावर चार निळसर बोटं उठलेली होती. न्हाऊ घालायच्या आधी सत्यशीलानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. सासरचे म्हणत होते, पाय घसरला. आज सकाळी अकराला मोर्चा निघायचा होता आणि लोकांच्या हाती द्यायला हीच दोन हजार पत्रकं होती.

"हलका कागद हाय, ताई. शाई पसरती," पुंजाराम म्हणाला. "फोटोतला ठिपका फुगतो, शेजारच्याला चिकटतो. फोटो हाय तसा छापला असता तर हनुवटीखाली नुसतं काळं आलं असतं. म्हणून मी आधीच उजळ करून घेतो."

तीस वर्षं श्रद्धांजलीचे फोटो छापून मेलेल्या माणसाला गोरं करण्यात त्याचा हात बसला होता. लोक खूशही व्हायचे. काल त्याच हातानं त्यानं या पोरीचा गळा पुसून काढला होता. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"डॉक्टरच्या कागदात बी गळा असाच साफ हाय," सत्यशीला म्हणाली.

चांगला कागद आणून पुन्हा छापायला संध्याकाळ झाली असती. बाहेर माणसं जमली होती. कुणीतरी आत डोकावून गठ्ठे मागून गेलं.

पुंजारामनं शाईचा डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. "खुणा कुठं व्हत्या ते तुम्हालाच ठावं. आपणच उठवू."

तिनं चार बोटं शाईत बुडवली. हात पत्रकावरच्या गळ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"माझ्या लेकीच्या गळ्यावर मीच बोटं ठेवू, भाऊ?"

तिनं डोळे घट्ट मिटले आणि बोटं टेकवली. शाई कागदात हळूहळू पसरली.

पुंजारामनं ते पत्रक बाजूला काढलं आणि दुसरं तिच्या हाताखाली सरकवलं.