खोली गेली म्हणाल्या

"तिथंबी तेच," मालनबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या. "आधी पाणी दिलं, मग आडनाव इचारलं, मग खोली गेली म्हणाल्या."

"कोणतं घर?" मन्मथअप्पांनी विचारलं.

"लिंबाच्या झाडाचं. म्हातारी एकटीच होती."

अप्पांनी मान खाली घातली.

मालनबाई शिक्षिका. पिंगळीहून रोज रेल्वेनं परभणीला यायच्या. घरी अंगावर पिणारं पोर, गाडी लेट झाली की शाळेला उशीर. हेडमास्तर म्हणाले होते, महिनाअखेरपर्यंत शहरात राहायला या, नाही तर नोकरीचा विचार करा. पण दलित वस्तीतल्या बाईला खोली देणार कोण?

म्हणून त्या अप्पांच्या समितीकडे आल्या होत्या. नामांतराचं आंदोलन पेटल्यापासून अप्पा या कामात होते. वस्तीला घरकर्ज नाकारणाऱ्या बँकेच्या दारात त्यांनी उपोषण केलं आणि कर्जं मिळवून दिली. घरमालकांसाठी तर त्यांनी खास युक्ती काढली होती. आधी वस्तीतल्या माणसानं खोली मागायची. नकार आला की थोड्याच वेळात समितीच्या भगवानरावांनी आपलं वजनदार आडनाव घेऊन त्याच दारात जायचं. त्यांना खोली दाखवली, की मालकाचं नाव रविवारच्या सभेत जाहीर! मालक अप्पांना शिव्या घालत आणि गुपचूप खोल्याही देत.

आज भगवानराव नेमके सेलूला गेले होते.

"मीच जातो," अप्पा म्हणाले.

"तुमी? तुमाला तर सगळी परभणी वळखती. तुमाला खरं कोण सांगल?"

"बघू," म्हणत अप्पांनी चपला घातल्या.

वाटभर त्यांना स्वतःची लाज वाटत होती. असंच उत्तर येणार हे त्यांना सकाळीच ठाऊक होतं. तरी त्यांनी या बाईला त्या गल्लीत जाऊ दिलं होतं. सभेत गर्जना करायला काय जातं? एका दारात उभं राहायचं म्हटलं की पाय जड होतात.

लिंबाच्या झाडाच्या घरी म्हातारी नीलम्मा ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे.

"ये. बस सावलीला," ती म्हणाली.

अप्पा उभेच राहिले. "सकाळी एक बाई आल्या होत्या, खोली बघायला?"

"आल्ती की. बोलायला लय गोड. लेकरू लहान हाय म्हणत होती."

"मग?"

"मग काय. खोली गेली म्हणून सांगितलं."

"गेलीय का?"

"कुटं जायलीय! कालच सारवून ठेवलीय."

अप्पांनी खोलीच्या कडी घातलेल्या दाराकडे पाहिलं.

"ती खोली त्या बाईलाच द्यायची," ते कसेबसे म्हणाले. "आजच."

नीलम्मानं सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"आता रं? वस्तीतलं कुणी आलं तर खोली गेली म्हणायचं, हे तूच तर मला बजावून ठेवलंस. लेकाच्या शब्दाभाईर आई कशी जाईल?"