लाल बटण
दुटप्पी तुम्हीच, साहेब! तुमच्या इस्पितळाच्या दाराशी लाल बटण बसवलंत. कुणी सिगारेट-बिगारेट ओढताना दिसलं की गुपचूप दाबायचं, मग भोंग्यातून लहान मुलीचा आवाज विनवतो, “इथे ओढू नका ना!” तोंडावर सांगायची आम्हा कर्मचाऱ्यांपैकी कुणाचीच छाती नाही. आज मी एमलिनआजोबांची चाकांची खुर्ची बाहेर आणली. चाळीस वर्षांची सिगारेट सोडून त्यांना एकोणीस दिवस झालेत. त्यांनी व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची वाफेची सिगारेट, ओढला, कस्टर्डचा वास दरवळला आणि भोंगा विनवू लागला. दाबलं कुणी? मी वळून पाहिलं. बटणावर बोट नर्स नेरिसचं! व्हेप तिनंच दिलेला, तुमच्याच व्यसनमुक्तीच्या योजनेतून. “सॉरी हं, आजोबा. नियम आहे.” “मग व्हेप घे परत, पोरी, आणि तुझ्याकडे ठेवलेलं माझं सिगारेटचं पाकीट दे. ते सिगारेट ओढणारे बघ, भोंगा ऐकूनही निवांत फुंकतायत.” आजोबांचा हात पसरलेलाच आहे. साहेब, तिनं त्यावर काय ठेवावं? बोला!