'बरी' चालत नाही

"नुसतं 'बरी' म्हणू नको, पोरी. खरं सांग, कशी आहेस?"

धान रोवून आलेली माय चिखलाच्या हातानंच गालाला हात लावून विचारायची. आसगावच्या बांधावरचा तो आवाज रत्नमालाताईंच्या कानात अजून ओला होता.

वरठीत नोकरी सांभाळून ताई मुलांचा गट चालवायच्या, त्या गटाचा नियमही त्याच आवाजातून आलेला. दर रविवारी मुलं गोल बसायची आणि पितळेचा गडवा, छोटा तांब्याच तो, हातोहात फिरायचा. ज्याच्या हाती गडवा, त्यानं मनातलं सांगायचं. 'बरा आहे' म्हणून सुटायचं नाही.

त्या रविवारी धम्मदीप म्हणाला, "बाबानं माहा मोबाईल लपवला, तं मी त्यायच्या चपला लपवल्या."

सगळे हसले. ताई हसायच्या राहिल्या. गडवा फिरत फिरत त्यांच्याकडे आला, तसा नेहमीप्रमाणे त्या तो खाली ठेवू लागल्या.

"ताई, तुमी कधीच नाही सांगत," शेजारची छोटी हर्षा म्हणाली. "तुमी कशा आहा?"

"बरी आहे."

"'बरी' नाही चालत ना, ताई. खरं सांगा."

पितळ तळहाताला गार लागत होतं. मनात मात्र गार नाही, ऊन नाही, काहीच नव्हतं.



"काल आसगावले गेली होती मी," ताई म्हणाल्या. "माय म्हणे, 'बाई, तू कोणाची वो?'"