निळा शेला

सरहिंदचा अफगाण फौजदार पडला आणि आम्ही शीख स्वार गावं धरायला चौखूर सुटलो. ज्याची वस्तू गावात आधी पडेल, गाव त्याचं, अशी रीत होती.

माझा धाकटा भाऊ गज्जन केव्हाच पुढे निघून गेला होता. बापूंनी चपळ घोडी त्यालाच दिली होती ना! मी जाईन तिथे त्याचंच काहीतरी पडलेलं. एका वेशीत उजवी मोजडी, पुढच्या पिंपळाखाली कमरबंद, त्यापुढे तलवारीचं म्यान. माझा नुसता जळफळाट चालला होता.

मग उसाने भरलेलं एक गाव लागलं. तिथे विहिरीच्या काठावर निळा शेला होता. माझा शेला! सकाळपासून मी तोच शोधत होतो.

"पुढे गेलेल्या स्वाराने टाकला," रहाटाजवळचा म्हातारा म्हणाला. "हे गाव माझ्या थोरल्या भावाचं, म्हणाला."

सगळ्यांत चांगलं गाव त्याने मला देऊन टाकलं होतं. म्हणजे देण्यातही तोच पुढे! आणि मी जन्मभर त्याने दिलेलं खायचं?

मी शेला उचलला. मागे दुसऱ्या सरदाराच्या घोड्यांची धूळ दिसत होती.

"सरदारजी, मग आता गाव कोणाचं?"

"जो येईल त्याचं," म्हणत मी घोड्याला टाच मारली.

पुढचं गाव खडकाळ, उजाड होतं. तरी शेला फेकायला मी हात उचलला.

वेशीत गज्जनची डावी मोजडी पडली होती.